पांढरा कोट, बांधलेलं तोंड

पुण्यात दुचाकीवर बसलेल्या बाईला चेहरा नसतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. डोक्यावरून ओढून, नाकावरून फिरवून मानेमागे गाठ मारलेला स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे आणि अंगात पांढरा सनकोट. सिग्नलला अशा वीस-पंचवीस जणी उभ्या असतात आणि शेजारी सख्खी बहीण असली तरी ओळखू येत नाही. अमरावतीहून पहिल्यांदा आले तेव्हा हे पाहून मला हसू आलं होतं. वर्षभरात मीही तशीच दिसू लागले. त्यालाही आता एकवीस वर्षं झाली.

या वेषाचा एक न लिहिलेला नियम आहे. गाडीवरून उतरलं की तोंड सोडायचं. दुकानात, बँकेत, सोसायटीच्या गेटवर उघड्या तोंडानं जायचं. हा नियम मला पाळता येत नाही. उन्हात गेलं की माझ्या गालांवर आणि मानेवर लाल चट्टे उठतात, त्यामुळे पायी चालतानाही मी स्कार्फ आणि कोट काढत नाही. कोणी टक लावून बघितलं तर बघू दे, असं मी ठरवून टाकलं होतं. तोंड झाकलेलं असलं की असा निर्लज्जपणा जमतो.

त्यात मला कोळी आवडतात. जाळं विणून बसणारे नव्हेत. उड्या मारून शिकार करणारे, तांदळाच्या दाण्याएवढे, पुढे दोन मोठे डोळे असलेले. सहा-सात वर्षांपूर्वी घराच्या खिडकीत एक दिसला. मी बोट डावीकडे नेलं, त्यानं तोंड डावीकडे वळवलं. उजवीकडे नेलं, तो उजवीकडे वळला. त्या दिवसापासून मी कामातून गेले.

बाईला काय आवडावं याची लोकांच्या डोक्यात एक यादी असते. रांगोळी, बागकाम, फार तर ट्रेकिंग. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं ‘छंद काय गं तुझे?’ असं विचारलं आणि मी खरं सांगून टाकलं. बाईंनी खाली सोडलेले पाय सोफ्यावर घेतले. नंतर मध्यस्थांकडून निरोप आला की मुलगी हुशार आहे, पण जरा वेगळी वाटते. ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, तिथेही नव्या माणसाला माझी ओळख ‘ही घरी कोळी पाळते’ अशीच करून दिली जाते. मी काही पाळत नाही. पकडते, बघते, फोटो काढते, सोडून देते. पण एवढं ऐकायला कोणाला वेळ असतो?

पकडायची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. झुडपाखाली उघडी छत्री उलटी धरायची, दांडा आभाळाकडे. फांदीवर काठीनं हलकेच तीन-चार टोले द्यायचे. पानांवर जे काही बसलेलं असतं ते टपटप छत्रीत पडतं. छत्री आतून पांढरी असली की सगळं स्वच्छ दिसतं. मग चित्रं काढायच्या मऊ ब्रशनं कोळ्याला पारदर्शक डबीत घ्यायचं आणि भिंगातून बघायचं. माझ्यासारखे छंदिष्ट सगळीकडे असंच करतात. पण अंगात पांढरा कोट, तोंड बांधलेलं आणि भर उन्हात छत्री उलटी धरून झुडपाला मारत बसलेली बाई दुरून कशी दिसत असेल, याचा मी इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता.

मी हडपसरच्या पुढे, मांजरी गावात भाड्यानं राहते. सोसायटी नवी, अकरा मजली. मागच्या भिंतीपलीकडे अजून ऊस उभा आहे. उसाच्या बांधाला लागून एक कच्चा रस्ता जातो, दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं आणि मधूनमधून बाभळी. रस्त्याच्या टोकाला मूळच्या गावातली चार-पाच घरं आहेत. त्या रविवारी सकाळी साडेनऊला मी तिथे छत्री घेऊन बसले होते.

एक मुलगी आली. पाच-सहा वर्षांची असेल, पायात चपला नाहीत. थोडा वेळ लांबून बघत राहिली आणि मग जवळ येऊन म्हणाली, ‘मावशी, काय पडतंय त्यात?’

मी डबी तिच्या तळहातावर ठेवली आणि भिंग हातात दिलं. तिनं एक डोळा मिटला, मग चुकून दोन्ही मिटले, मग हसली. ‘ह्ये माझ्याकडंच बगतंय!’ ती म्हणाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या कोळ्यांकडे बघून हसणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं होतं.

तेवढ्यात घरांच्या बाजूनं एक बाई ओरडली, ‘ए पोरी, इकडं ये आधी!’ मुलगी डबी माझ्या हातात कोंबून पळाली. मी त्या बाईकडे बघून हात हलवला. तिनं हलवला नाही. एक मोटारसायकल आमच्या शेजारून जाताना हळू झाली होती, हे मला फार नंतर आठवलं. तेव्हा माझं लक्ष छत्रीत होतं.

बुधवारी दुपारी ऑफिसात डबा खाताना फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. खाली मजकूर होता: ‘सावधान. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरत आहे. पांढरा कोट, तोंड बांधलेलं, हातात उलटी छत्री आणि डब्या. डबीतलं औषध हुंगायला देऊन मुलांना बेशुद्ध करतात. दिसल्यास सोडू नका.’

फोटोत मी होते.

माझ्या हातातला घास डब्यात पडला. उकिडवी बसलेली, तोंड बांधलेली, काळ्या चष्म्यातली एक बाई आणि तिच्यापुढे डबीत नाक खुपसलेली अनवाणी पोर. आणि खरं सांगायचं तर मलाही ती बाई भयंकर वाटली. मी आई असते, तो फोटो मला कोणी पाठवला असता, तर मीही तो पुढच्या दहा जणींना पाठवला असता. ‘सोडू नका’ हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. अशा मेसेजवरून रस्त्यात गाठून मारलेल्या माणसांच्या बातम्या मी वाचल्या होत्या. मी टेबलाखाली पाय एकमेकांत अडकवून बसले.

ग्रुपवर धडाधड उत्तरं येत होती. ‘चालण्यावरूनच कळतं, बाहेरची आहे,’ असं एकानं लिहिलं. फोटोत मी बसलेली होते. ‘छत्री उलटी बघा, करणीचा प्रकार दिसतोय,’ दुसऱ्याचं. ‘असल्यांना पोलिसांच्या आधी आपणच धडा शिकवला पाहिजे,’ असं तिसऱ्यानं लिहिलं आणि त्याला माझ्या शेजारच्या बाईंनी लाल बदाम दिला. या बाई मला दर आठवड्याला आपल्या कुंडीतला कढीपत्ता आणून देतात. अध्यक्षांनी लिहिलं, ‘सर्वांनी दक्ष राहावे. उत्साहाच्या भरात शुद्धलेखनाच्या चुका करू नयेत.’ आमचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आहेत.

मी लिहायला घेतलं, ‘नमस्कार, हा फोटो माझा आहे.’ पुसलं. ‘काहीतरी गैरसमज होतोय,’ असं लिहिलं. तेही पुसलं. पुढे काय लिहायचं? की मी कोळी पकडते? एकटी राहणारी, चाळिशी ओलांडलेली, लग्न न झालेली भाडेकरू बाई, जिच्या घरी कोणी येत नाही, ती सांगतेय की डबीत औषध नव्हतं, कोळी होता. माझा भाडेकरार दोन महिन्यांत संपत होता आणि नव्या करारासाठी सोसायटीचं पत्र लागतं. पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती. गेटवर माणसं जमतील आणि मला कोणी बोलू देणार नाही, ही भीती.

तोवर सत्तावीस जणांनी त्या मेसेजखाली हात जोडले होते. न जोडणारी मी वेगळी दिसेन, असं वाटलं. मीही जोडले.

मग रविवारचे सगळे फोटो फोनमधून पुसून टाकले. एकात त्या मुलीचा तळहात होता, त्यावर डबी आणि डबीतून वर बघणारा तो कोळी. तो पुसताना अंगठा जरा अडला, पण पुसलाच. घरी गेल्यावर कोट, स्कार्फ, छत्री, डब्या सगळं एका पिशवीत घालून माळ्यावर टाकलं आणि पुढे जुने पडदे लावले. स्वतःच्याच घरात हे सगळं मी चोरासारखं स्टुलावर चढून केलं.

गुरुवारी मी साडी नेसून ऑफिसला गेले. कपाळाला टिकली लावली. केस तेल लावून बांधले. रिक्षानं गेले, तोंड उघडं. एरवी मान वर न करणारा गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला आणि ‘नमस्कार म्याडम’ म्हणाला. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘अगं, किती छान दिसतेस! अशीच राहत जा ना.’ इतके दिवस त्यांच्याबरोबर लिफ्टमधून जात होते, ती कोण होती मग? माझ्या ओठांवर हे आलं होतं. मी ‘थँक्यू’ म्हटलं. संध्याकाळपर्यंत माझ्या गालांवर चट्टे उठले आणि ते खाजवत मी घरी आले, पण कोणी माझ्याकडे संशयानं बघितलं नाही. शुक्रवारीही तेच.

त्या वर्णनात बसणारी दुसरीच कोणी लोकांच्या हाती सापडेल हे मला सुचलं नाही, असं मी इथे लिहिणार होते. पण सुचलं होतं. गुरुवारीच, हडपसरच्या सिग्नलला. रिक्षाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कोटातल्या बायका थांबल्या होत्या आणि मनात आलं, यांतली एखादी आमच्याकडे गाडीवरून उतरली तर? मग सिग्नल सुटला. चार दिवसांत लोक विसरतील, नवा मेसेज येईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. घाबरलेल्या माणसाला काहीही लवकर पटतं.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला ग्रुपवर आलं: ‘सापडली. गेटवर बसवून ठेवली आहे. पोलिसांना कळवले आहे.’ खाली फोटो. वॉचमनच्या खोलीत फरशीवर एक बाई बसली होती. अंगात पांढरा सनकोट, गळ्यात ओढून खाली केलेला स्कार्फ, शेजारी एक मोठं गाठोडं सोडून पसरलेलं. पाठोपाठ दुसरा मेसेज: ‘गावातले लोक पण आलेत. पुरुषांनी खाली या.’

मी दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. बाल्कनीतून खाली बघितलं तर गेटपाशी तीस-चाळीस माणसं आणि वरून त्यांची फक्त डोकी दिसत होती. मी घरातल्या ढगळ टी-शर्टमध्ये आणि थ्री-फोर्थ पँटमध्ये होते. अशी गेले तर माझं कोण ऐकेल, असं वाटलं. आणि इथे मी जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी कपाट उघडलं आणि साडी काढली. त्यातही सुती नको, चुरगळलेली दिसेल, म्हणून दुसरी काढली. निऱ्या दोनदा सुटल्या. पदराला पिन लावली. टिकली लावली. खाली ती बाई फरशीवर बसली होती आणि मी आरशात बघून निऱ्या सारख्या करत होते.

खाली गेले तोवर कोणीतरी तिला मारलं होतं. ओठ फुटला होता आणि बांगड्यांच्या काचा फरशीवर पडल्या होत्या. चाळिशीची, माझ्याच वयाची बाई. गाठोड्यातून जुन्या साड्या निघाल्या होत्या, दोऱ्याची रिळं, सुया ठेवायची पत्र्याची डबी आणि मोठी कात्री. ती कात्री अध्यक्षांनी पुरावा म्हणून रुमालात गुंडाळून हातात धरली होती. उंबऱ्यात एक दणकट माणूस उभा होता, रविवारच्या त्या मुलीचा चुलता. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, ‘छत्री कुठं टाकली सांग! छत्री कुठं हाय?’

‘मायाजवळ छत्री नाही जी,’ ती म्हणत होती. ‘मी गोधड्या शिवतो. या बिल्डिंगीतल्या आजीनं बोलावलं मले. काहून मारून राहिले जी? हा कोट एका बाईनं देल्ला, ऊन लागते म्हणून.’

ते ‘काहून’ ऐकून मी जागच्या जागी थिजले. ही माझ्या आईची भाषा. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी शिवतो’ म्हणतात. पुण्यात आल्यावर दोन वर्षांत मी हे सगळं जिभेवरून घासून काढलं होतं, ऑफिसात लोक हसतात म्हणून. ‘बगा, बोलनं बी आपल्याकडलं न्हाय,’ चुलता गर्दीकडे वळून म्हणाला. ज्या आजींनी तिला बोलावलं होतं, त्या फोन उचलत नव्हत्या आणि वर जाऊन विचारावं असं कोणाला वाटत नव्हतं.

मी अध्यक्षांना म्हटलं, ‘सर, यांना सोडा. तो फोटो माझा आहे.’

आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा सांगावं लागलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग साडीकडे बघितलं. ‘आपल्याला दया येतेय, ते योग्यच आहे,’ ते म्हणाले. ‘पण म्हणून आपण खोटं बोलावं असं नाही. आपण स्वतः त्या मेसेजला हात जोडलेत.’

‘मी घाबरले होते म्हणून जोडले. मी तिथे कोळी बघत होते.’

‘काय बघत होता?’

‘कोळी.’

मागे कोणीतरी हसलं. चुलत्यानं मला हात जोडले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, ‘ताई, तुमी चांगल्या घरच्या दिसता. तुमी ह्यात पडू नका, घरला जावा.’ मी फोन काढला आणि मग आठवलं की त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, ते मीच पुसलं होतं. गर्दीतून एक हात आत आला आणि त्यानं त्या बाईचा अंबाडा धरला. ती ओरडली नाही. तिनं डोळे मिटून मान खाली घातली.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘पाच मिनिटं थांबा, मी दाखवते.’ आणि वर पळाले.

लिफ्टचं दार बंद झालं आणि आतली ती शांतता इतकी बरी वाटली की मला रडू आलं. घरात शिरल्यावर मी कडी लावली. सवयीनं लावली, पण लावल्यावर हात तिथेच राहिला. मी सांगायचं ते सांगून झालंय, त्यांनी ऐकलं नाही, पोलीस येतच आहेत. हे सगळं त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मनात अगदी व्यवस्थित मांडून झालं. खालून पुन्हा आरडाओरडा ऐकू आला. मी स्टूल ओढलं.

साडीवरून कोट चढवला. स्कार्फ बांधला, गॉगल लावला, छत्री आणि डब्यांची पिशवी घेतली. लिफ्टच्या आरशात बुधवारच्या फोटोतली बाई उभी होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

खाली आले आणि छत्री उघडून उलटी धरली.

पुढच्या माणसांना माहीत होतं मी कोण. पण मधल्या वेळात आणखी माणसं आली होती. त्यांनी पांढरा कोट पाहिला, छत्री पाहिली आणि एकच आवाज उठला. ‘ही दुसरी! ही बघा दुसरी!’ कोणीतरी माझं मनगट पिरगळलं. छत्री गेली. पाठीत एक गुद्दा बसला, श्वास अडकला. ‘ए भवाने, कुठली गं तू? अजून किती जणी हायत तुज्याबरूबर?’ मी बोलत होते, पण स्कार्फच्या आत माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्या क्षणी मी त्या बाईसाठी आले होते हे साफ विसरले. मला फक्त तिथून सुटायचं होतं. मी मोकळ्या हातानं स्कार्फ ओढला. तो गळ्यात आला, गॉगल खाली पडला, कोटाची बटणं तुटून आतली साडी दिसली.

मनगटावरची पकड तिथल्या तिथे सुटली.

‘अहो, ताई, तुमी?’ तो माणूस दोन पावलं मागे सरला. ‘माफ करा. आमाला वाटलं...’ काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. कोणीतरी माझी छत्री उचलून, झटकून परत दिली. अध्यक्षांनी छत्री पाहिली, पिशवीतल्या डब्या एकेक करून उघडल्या, भिंगातून रिकाम्या डबीत बघितलं. फोटो आणि मी, मी आणि फोटो, असं दोन-तीनदा केलं. ‘एवढं आधी सांगायला काय झालं होतं?’ ते म्हणाले. पुढच्या दहा मिनिटांत गर्दी विरघळली. जाता जाता चुलता मला म्हणाला, ‘आमची पोर चार दिस झाले सांगतीया, कोळी व्हता म्हनून. आमीच न्हाय ऐकलं.’

माझ्यासाठी खुर्ची आली. चहा आला. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पोलीस आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘म्याडम, तुम्हाला लागलं का?’ आणि तिला विचारलं, ‘आधार कार्ड आहे का?’ होतं तिच्याजवळ. ते बघून, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ते गेले. तक्रार करायची का, असं त्यांनी मला विचारलं होतं. तिला कोणी विचारलं नाही आणि तिला विचारा असं मीही म्हटलं नाही.

शेवटी आम्ही दोघीच उरलो. ती फरशीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. मी खाली बसले आणि रिळं गोळा करायला लागले. तिचा ओठ सुजला होता. मग घडी घालता घालता तिनं विचारलं, ‘बाई, तो फोटू कवा आलता?’

बुधवारी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तिला बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. बुधवार ते शनिवार मध्ये किती दिवस येतात हे कोणालाही कळतं. आता गेट रिकामं होतं. मला मारायला कोणी नव्हतं. तरी तिच्या त्या फुटलेल्या ओठाकडे बघून मला सकाळपासून वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

‘आत्ताच,’ मी म्हणाले. ‘आत्ताच बघितला आणि लगेच खाली आले.’

‘देवानंच धाडलं तुमाले,’ ती म्हणाली. तिनं गाठोडं बाजूला सरकवलं, वाकली आणि माझ्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.